कोल्हापूर, एक दिवस आणि डाव्या पायाचं पायताण

कोल्हापूरला जायचं ठरलं ते मटणावरून. खरं कारण वेगळं होतं, पण ते सांगितलं असतं तर आमचे सर जागचे हलले नसते.

सर म्हणजे माझे यजमान. साताऱ्यात आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. हे मराठी शिकवायचे, मी विज्ञान. लग्नाआधी 'सर' म्हणायची जी सवय लागली ती लग्नानंतरही सुटली नाही, आणि हेही मला रागात काय, लाडात काय, 'बाई'च म्हणतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये सरांना झटका आला. डावी बाजू गेली. हात हळूहळू परत आला, जीभ तर पंधरा दिवसांत आली (ती कुठे जाणार!), पण डावा पाय काही पुरता आला नाही. पाऊल पुढून लोंबतं, बोटं जमिनीला घासतात. फिजिओथेरपीला येणारी मुलगी कानीकपाळी ओरडून सांगायची, "काका, रोज बाहेर चाला. आणि मागे पट्टा असलेलं काहीतरी पायात घाला." काका गॅलरी ते देवघर एवढंच चालायचे. बाहेर जायचं नाव काढलं की पेपर तोंडासमोर. अकरा महिने हा माणूस एकटा फाटकाबाहेर पडला नव्हता.

मला वाटायचं, हे सगळं चपलेमुळे आहे. तीस वर्षं यांनी कोल्हापुरीशिवाय दुसरं काही घातलं नाही, तीही करकर वाजणारी. व्हरांड्यातून 'कर्र, कर्र' असा आवाज आला की आठवीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. मी शेजारच्या वर्गात शिकवत असले तरी मला कळायचं, आले. झटक्यानंतर मुलाने पट्ट्या चिकटवायचं मऊ सँडल पाठवलं. "हे म्हाताऱ्यांचं आहे," म्हणून सरांनी ते पलंगाखाली सारलं. वय सहासष्ट! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

आणि त्यांची जुनी जोडी? ती गेल्या एप्रिलमध्ये मारुतीच्या देवळाबाहेरून चोरीला गेली. निदान घरात सगळ्यांना तसंच माहीत होतं. त्याबद्दल पुढे लिहिते, लिहायला जरा धीर लागतो.

तर माझा बेत असा, की कोल्हापुरात जाऊन मागे पट्टा असलेली, पण अस्सल दिसणारी कोल्हापुरी करून घ्यायची. सरांना सांगितलं, "पांढरा रस्सा खायला जाऊ." लगेच पेपर खाली आला.

बुधवार का?

जाणार असाल तर वार बघून जा. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, रांगेत उभं राहवत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यासारख्या घरात मटण चालत नाही. रविवारी अख्खा महाराष्ट्र तिथे असतो. राहिला बुधवार. फेब्रुवारी असल्याने ऊनही बरं होतं.

सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, सरांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, म्हणजे दोघं मिळून एका माणसाच्या पैशात गेलो. रस्त्याचं काम चालू आहे, कराडच्या पुढे सारखी वळणं घ्यावी लागतात, त्यामुळे गाडीला साडेतीन तास लागले. सर खिडकीशी बसले होते. पलंगाखालचं सँडल नाइलाजाने पायात होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पाय सीटखाली घेतलेले.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तर रिक्षावाल्यांचा गराडा. त्यातल्या एका पन्नाशीच्या माणसाने सरांची काठी बघितली, पुढे होऊन काही न विचारता त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला. त्याचं नाव दस्तगीर.

"कुठं जायचं पावणं? देवी, पॅलेस, रंकाळा, समदं दावतो. संध्याकाळपत्तूर रिक्षा तुमचीच. पटलं तर द्या, न्हाय पटलं तर नगा देऊ."

मी आधी आकडा ठरवून घेतला. दिवसाचे नऊशे ठरले. 'पटलं तर द्या' हे ऐकायला गोड वाटतं, पण तुम्हीही आधी ठरवा.

मिसळ आणि चपला

पहिलं पोटोबा. दस्तगीरभाईंनी एका बोळातल्या मिसळीच्या दुकानात नेलं. कोल्हापुरात मिसळीबरोबर आपल्यासारखा गोल पाव देत नाहीत, ब्रेडच्या स्लाइस देतात, आणि तिखट कट हवा तितका. शंभरच्या आत एका माणसाचं भागतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी दुसऱ्यांदा कट मागितला तेव्हा मी डोळे वटारले.

"बाई, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. तिखटाबद्दल चकार शब्द काढलेला नाही."

तिथून चप्पल गल्लीत. दोन्ही बाजूंना दुकानं, छपरापर्यंत चपला टांगलेल्या, चामड्याचा वास नाकात बसतो. तीन दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी तेच. चप्पल झकास, पण मागे पट्टा नाही. आणि मागे पट्टा असलं जे काही दाखवत ते लेडीज. चौथ्या दुकानात सरांनी हौसेने एक जोडी पायात घातली, दोन पावलं टाकली आणि डावी चप्पल तिथेच मागे राहिली. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. सरांनी चप्पल काठीने बाजूला सारली आणि बाहेर जाऊन रिक्षात बसले.

"परत चला," म्हणाले. "मटण नको. स्टँडवर सोडा."

मी काही बोलणार तोवर दस्तगीरभाईंनी आरशातून बघितलं. "सर, दुकानात तयार माल मिळतोय. तुमास्नी तयार माल नगं. तुमास्नी करणारा मानूस पायजे. चला."

"अहो, स्टँड म्हणालो मी!"

"स्टँड कुठं पळून जातोय व्हय?"

मंगळवार पेठ मागे टाकून रिक्षा एका वस्तीत शिरली. घरोघर पुढच्या खोलीत काम चाललेलं. एका दारात तुकाराममामा बसले होते. सत्तरीचे, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर चामडं, हातात आरी. शेजारी त्यांच्या पत्नी, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्या चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या. चपलेवर जी नक्षीदार वेणी दिसते ती बायका हाताने घालतात, हे मला विज्ञान शिकवून निवृत्त झाले तरी ठाऊक नव्हतं.

मामांनी पाय मापला नाही. आधी म्हणाले, "त्या खांबापत्तूर जावा नि या."

सर गेले आणि आले. मामा खाली वाकून फक्त जमिनीकडे बघत होते.

"जुनं पायताण कुठाय?"

"कशाला?" सरांनी विचारलं.

"जुनं पायताण बघितलं की मानूस कळतोय. टाच कुठं झिजली, भार कुठं पडतोय, समदं त्यात लिवलेलं असतंय. तीस वर्सं वापरलंय म्हंता, मग ते आनाय नको व्हय?"

"ती जोडी गेली," सर हळू आवाजात म्हणाले. "देवळाबाहेर काढली होती म्हणे. मला तर आठवतही नाही."

मी अक्कांच्या वेणीकडे बघत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. मामांनी कागदावर दोन्ही पावलं ठेवायला लावून पेन्सिल फिरवली. डावं पाऊल उजव्यापेक्षा बारीक झालं होतं, ते मी रोज तेल लावत असूनही मला कळलं नव्हतं. कागदावर मात्र लख्ख दिसलं.

"पाचला या," मामा म्हणाले. "तळ तयार हायत. डाव्याचं पुढचं टोक तासून वर उचलतो, म्हंजे घासायचं न्हाय. मागं पट्टा घालतो. भिऊ नगा, अक्का त्येच्यावर अशी वेणी घालंल की नवरदेवाचं पायताण वाटंल."

"आवाज?" सरांनी विचारलं. अकरा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा एखादी गोष्ट इतक्या ओढीने विचारलेली मी ऐकली.

"घालतो की. तळाच्या दोन थरांमधी एक बी घालत्यात, विंचू म्हनतो आमी. पायाचा भार पडला की ते बी वाजतंय."

देवी, आणि मला जे सांगायचं होतं ते

अंबाबाईच्या देवळात गाभाऱ्याच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी मुखदर्शनाची रांग धरावी. लांबून दिसते, पण दहा-पंधरा मिनिटांत होतं. बाहेर चपला ठेवताना सर मला म्हणाले, "टोकन नीट सांभाळा बाई. माझ्यावर विसंबू नका. माझं काय खरं नाही."

हे वाक्य मी गेले अकरा महिने ऐकत होते. 'माझं काय खरं नाही.' दूध उतू गेलं, चष्मा सापडला नाही, की हेच. मला ते थट्टेतलं वाटायचं.

आत काळ्या दगडांचे खांब, पायाखाली गार फरशी, घंटेचा आवाज. देवी समोर आली आणि मला हात जोडवेनात. मी काही फार देवभोळी बाई नाही. पण पुढचा माणूस मोठ्याने 'आई अंबाबाई' म्हणाला आणि मी मान खाली घातली. दर्शन घेऊन आम्ही भवानी मंडपात आलो. देवळाला लागूनच आहे, जुना राजवाडा, उंच कमान, सावली, बसायला जागा. तिथे बसले आणि सांगून टाकलं.

तुम्हालाही सांगते. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात सरांनी हट्टाने ती जुनी जोडी पायात घातली. उंबऱ्यात डावी निसटली, तोंडावर पडले, ओठाला दोन टाके पडले. मी इतकी घाबरले होते की कोण काय सांगेल ते करायला तयार होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, शनिवारी चप्पल देवळाबाहेर सोडून यायची, मागे वळून बघायचं नाही, पनवती निघून जाते. आणि मी, जिने तीस वर्षं फळ्यावर 'अंधश्रद्धा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन' असं लिहून मुलांना निबंध लिहायला लावले, ती मी वर्तमानपत्रात गुंडाळून ती जोडी मारुतीच्या पायरीवर ठेवून आले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, इतकं नेमाने केलं.

इथवर ठीक होतं. वेडेपणा म्हणून हसता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सरांनी चपला शोधल्या. खरं सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "अहो, काल आपण रिक्षाने मारुतीला नव्हतो का गेलो? तुम्हीच पायरीशी काढलीत. तिथून चोरीला गेली. आठवत नाही का?"

"मी गेलो होतो?"

"गेलो होतो की."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले.

भवानी मंडपात हे सगळं ऐकून सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोर एक कुटुंब फोटो काढत होतं, तिकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी देवळात गेलोच नव्हतो."

"नाही."

"घरीच होतो."

"घरीच होतात."

"बाई, दहा महिने मी तो शनिवार आठवतोय. रिक्षा आठवत नाही, पायरी आठवत नाही, काही नाही. मला वाटलं पायाबरोबर डोकंही गेलं. फाटकाबाहेर पडलो आणि घरच विसरलो तर? पायाचं काय, पाय ओढत गेलो असतो मी. पायासाठी थांबलो नव्हतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं. मी चपलेला दोष देत बसले होते आणि या माणसाला घरात डांबलं होतं मी. तोंडातून फक्त "चुकलं माझं" एवढंच निघालं.

सर उठले. काठी घेतली. "इथंच बसायचं," म्हणाले, "मागे यायचं नाही." आणि त्या सँडलमध्ये डावा पाय ओढत, कमानीखालून, महाद्वार रोडच्या गर्दीच्या दिशेने गेले. एकटे!

त्यांच्याकडे फोन नव्हता. मी उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी दस्तगीरभाईंना फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सांगितलं, सर रागावून निघून गेले, शोधा.

"कशाला शोधायचं?" पलीकडून शांत आवाज. "मानूस रागावलाय म्हंजे डोकं जाग्यावर हाय की. बसा निवांत. न्हाय आले अर्ध्या तासात, तर अख्खी पेठ पालथी घालतो."

पंचवीस मिनिटं झाली. मला त्या पंचवीस मिनिटांत भवानी मंडपाची एकही गोष्ट दिसली नाही, त्यामुळे तिथलं वर्णन वाचायचं असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉग बघा. मग गर्दीतून काठी दिसली, मागोमाग सर. घामाने डबडबलेले, डाव्या हातात कागदाचे दोन पुडे. डाव्या हातात! सांडत होतं, पण आणलं होतं. एक पुडा माझ्यापुढे धरला. भेळ.

"कांदा नाही, शेव जास्त," म्हणाले. "बघा, विसरलोय का. जाताना डावीकडे पानाचं दुकान, मग भांड्यांचं, मग हारवाल्या. येताना उलटं. कुणालाही विचारलं नाही."

मी भेळ खाता खाता रडले. सर म्हणाले, "माफ केलं असं समजू नका. मटण झाल्यावर बघू."

रस्सा, राजवाडा वगैरे

मटणाचं ताट साडेतीनशेच्या आसपास. सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. पांढरा रस्सा खोबऱ्याच्या दुधाचा, पाहुण्याला सोपा. तांबडा जपून. वाढणारा माणूस वाटी रिकामी होऊ देत नाही, "घ्या की, लाजताय काय," म्हणत ओततच राहतो. सरांनी पांढऱ्याच्या चार वाट्या घेतल्या. मी मोजल्या, पण बोलले नाही. त्या दिवशी मला बोलायचा अधिकारच नव्हता.

दुपारी न्यू पॅलेस. तिकीट काढून आतलं संग्रहालय बघता येतं, आत फोटो काढू देत नाहीत, सोमवारी बंद असतं. शस्त्रं, जुने फोटो, पेंढा भरलेले वाघ. एका वाघापुढे सर बराच वेळ उभे राहिले. "याचा मागचा डावा पाय बघा," म्हणाले, "माझ्यासारखाच ठेवलाय." आणि हसले. पुढच्या दालनात गेले ते मला न सांगता. मी मुद्दाम मागे राहिले. कुठल्या दालनात कुठून जायचं ते बाणावरून शोधून, दहा मिनिटांनी ते बाहेरच्या दाराशी माझी वाट बघत उभे होते.

दस्तगीरभाई हुपरीच्या पैंजणांसाठी फार मागे लागले. "चांदी बघाची तर हुपरीची, बाई." वेळ नव्हता. एक दिवस जास्त असेल तर तुम्ही जा.

पाच वाजता

मामांकडे पोचलो तेव्हा जोडी दारातच ठेवलेली. तेलाने चमकत होती. मागचा पट्टा होता, पण अक्कांनी त्यावर अशी दुहेरी वेणी घातली होती की तो आधार आहे हे सांगूनही कळलं नसतं. सरांनी आत पाऊल ठेवायच्या आधीच गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मामा, चोर सापडला! घरातच होता."

मग सगळी कथा सांगितली, मला कुठे लपावं कळेना. अक्का हातातली वेणी टाकून हसल्या. "अवो बाई, तुमी टाकलेलं पायताण कुनीतरी घातलंच असंल की. त्येच्याबी पायाला बरं. त्यात रडायचं काय?"

सरांनी जोडी घातली. खांबापर्यंत गेले. उजवी वाजली, कर्र. डावी काहीच नाही. पुन्हा कर्र. पुन्हा काहीच नाही. पण डावी निसटली नाही, टोक घासलं नाही.

सर थांबले. "डाव्यात बी घातलं नाही का?"

"घातलंय."

"वाजत नाही."

"तुमी टाच टेकवून भार देत न्हाय, म्हनून वाजत न्हाय. पाय नुसता पुढं सरकवताय." मामांनी चष्मा काढून पुसला. "चामडं खोटं बोलत न्हाय, सर. बी आत हाय. ज्या दिशी पाय नीट पडंल, त्या दिशी वाजंल."

"आणि नाही पडला तर?"

"तर एक तरी वाजतंय की! वरडायला एक तोंड बास हाय."

दीड हजार रुपये झाले. आमच्याकडून जास्त घ्या म्हटलं तर मामा चिडले. परत निघताना अक्कांनी माझ्या हातात वेणीचा उरलेला तुकडा दिला. तो माझ्या किल्ल्यांना बांधलाय.

शेवटी रंकाळा. सातची गाडी होती, तासभर हातात होता. तलावाच्या कडेने रुंद रस्ता आहे, चालायला छान, संध्याकाळी भेळ, कणसं, पोरंसोरं. सर चालत होते, मी मागे. कर्र, शांत, कर्र, शांत. समोरून येणारा एक म्हातारा थांबून म्हणाला, "नवी दिसत्यात. कापशी पायताण काय?"

"हो. मुद्दाम करून घेतली," सर म्हणाले. "डावीला अजून कंठ फुटायचाय."

घरी

लोक विचारतात, एका दिवसात काय बघितलं? पन्हाळा राहिला, जोतिबा राहिला, खासबागचं कुस्तीचं मैदान रिक्षातून बघितलं. खर्च दोघांचा चपला धरून चार हजारांच्या आत. पाय दुखणारं माणूस बरोबर असेल तर एका रिक्षावाल्याला दिवसभर धरा आणि तीनच ठिकाणं ठरवा. बाकी माहिती कुठेही मिळेल.

आमच्याकडे काय उरलं ते सांगते. दुसऱ्याच दिवशी सकाळी सर एकटे पेपर आणायला गेले. पेपरवाला घरी टाकतो, तो त्यांनी बंद करून टाकला. पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून बघत होते, तेव्हा खालूनच ओरडले, "बाई, आत जा. तीन वळणं आणि एक गिरणी. पाठ आहे." दर शनिवारी मात्र आल्या आल्या चपला दाराबाहेर न ठेवता थेट पलंगाखाली नेतात. "आज शनिवार आहे," म्हणतात, "घरात चोर आहे." अजून माफ केलेलं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मीही फार मागे लागत नाही, ते टोमणे मला हवेच आहेत.

मी रोज स्वयंपाकघरातून ऐकते. जाताना जिन्यावर उजवी, कर्र. मग डावीची जागा रिकामी. पुन्हा उजवी. ती रिकामी जागा मी इतके दिवस ऐकत आले की तिचीही सवय झाली होती. महिना झाला, सव्वा महिना झाला. फिजिओवाली म्हणायची, टाच टेकायला लागलीय हं. मला काही ऐकू आलं नाही. मीच मनाशी म्हटलं, एक वाजतंय ना, बास.

काल सकाळी सर पेपर घेऊन परत येत होते. मी चहा टाकला होता. फाटक वाजलं. जिन्यावर पहिली पायरी, कर्र. दुसरी पायरी, नेहमीसारखं काही नाही. तिसरी, कर्र. आणि चौथ्या पायरीवर, बारीक, जरा उशिरा, नवीन चामड्याचा कोवळा आवाज आला.

पावलं जागच्या जागी थांबली. त्यांनीही ऐकलं होतं.

मी गॅस बंद केला, पंखा बंद केला, आणि पाचवीची आणि सहावीची वाट बघत ओट्याशी उभी राहिले.